झाडांच्या संख्येसोबत लाकडाची घनताही मोजावी

संपादक महोदय,

सिंहस्थाच्या कामांसाठी नाशिकच्या तपोवनातील झाडे तोडावीत की नाही, यावर आपल्या दैनिकातून झालेली चर्चा मी लक्षपूर्वक वाचली. किती झाडे जाणार आणि त्यांच्या बदल्यात किती लावणार, हे आकडे तीत वारंवार येतात. त्या झाडांच्या लाकडात द्रव्य किती आणि ते कशावर ठरते, याचा उल्लेख मात्र आढळला नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

लाकडातील पेशींच्या भिंती ज्या द्रव्याच्या बनलेल्या असतात त्याची घनता जवळपास सर्व झाडांत सारखीच, म्हणजे दर घनसेंटिमीटरला सुमारे १.५ ग्रॅम असते. फरक पडतो तो भिंतींच्या जाडीमुळे आणि आतल्या पोकळीमुळे. वाळलेल्या सागाची घनता ०.६ च्या आसपास भरते, काटेसावरीची त्याहून बरीच कमी आणि खैराची ०.९ च्या जवळ. त्यामुळे सारख्याच घेराच्या आणि उंचीच्या सावरीपेक्षा खैराच्या खोडात दुपटीहून अधिक द्रव्य असते, आणि कोरड्या लाकडाच्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग कार्बन असल्याने तोही त्याच प्रमाणात साठतो.

उष्ण प्रदेशातील जंगलांत ही घनता कशी घडते, हे समजून घेण्यासारखे आहे. मोकळ्या जागेत भरपूर ऊन मिळताच झपाट्याने वर जाणाऱ्या जाती पातळ भिंतींचे, हलके लाकूड बनवतात, तर दाट सावलीत वर्षानुवर्षे सावकाश वाढणाऱ्या जातींचे लाकूड बहुधा भरीव असते. पाण्याचा ताण असेल तिथे लाकडातील पाणी वर नेणाऱ्या रुंद नळ्यांत, म्हणजे जलवाहिन्यांत, हवेचे बुडबुडे शिरून पाणी चढणे थांबण्याचा धोका असतो, म्हणून कोरड्या भागात अरुंद वाहिन्यांची आणि जाड भिंतींची झाडे अधिक तग धरतात. जमिनीचा वाटाही मोठा आहे. ॲमेझॉनच्या पश्चिमेकडील तुलनेने सुपीक जमिनीत झाडे लवकर वाढतात आणि लवकर मरतात, तिथे सरासरी घनता कमी आढळते. पूर्वेकडील जुन्या, निकस जमिनीवर ती जास्त असते.

आपल्याच जिल्ह्यात इगतपुरीला वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तर येवला-मालेगावकडे साधारण ५०० ते ६००. मात्र पाऊस कमी तिथे लाकूड जड, असा सरधोपट नियम काढता येणार नाही, कारण घाटमाथ्यावरच्या ओल्या रानातील अंजनीचे लाकूडही अतिशय टणक असते आणि कोरड्या रानात सावर, सालईही वाढतात. सागासारख्या झाडात तर वाढीचा वेग वाढला म्हणून घनता घटतेच, असेही नाही. जात, जागा आणि झाडाचे वय या तिन्हींचा एकत्र विचार केल्याशिवाय अंदाज बांधणे चुकीचे ठरेल. कोवळ्या झाडाचे लाकूड जून लाकडाइतके भरलेले नसते, हे कोणताही अनुभवी सुतार सांगेल.

एका झाडाच्या बदल्यात दहा, या हिशेबात यातले काहीच येत नाही. माझी संबंधितांना आग्रहाची विनंती आहे की तोडण्यासाठी प्रस्तावित प्रत्येक झाडाची जात, घेर आणि उंची नोंदवून, त्या जातीची घनता धरून त्याचे वस्तुमान काढावे आणि ती यादी नागरिकांपुढे ठेवावी. नव्या लागवडीसाठीही जागा पाहून जाती निवडाव्यात: पूर्वेकडील मुरमाड माळांच्या कडेला खैर, धावडा, अंजन, तर पश्चिमेकडील तालुक्यांत ऐन, बिबळा, हिरडा. ही झाडे सावकाश वाढतात, त्यामुळे पहिल्या दोन-तीन वर्षांत दाखवण्याजोगे काही हाती लागणार नाही, हे आधीच मान्य करावे लागेल. म्हणूनच लावलेल्या रोपांचा आकडा एकदाच जाहीर करून न थांबता, पाच आणि दहा वर्षांनी जगलेल्या झाडांचे घेर पुन्हा मोजून तोही तपशील त्याच यादीत प्रसिद्ध करावा.

आपला,
एक नियमित वाचक, नाशिक