वहीतलं केळं

लालबाग,
बुधवार, रात्र

चि. सौ. चिमूस,
अनेक आशीर्वाद.

फोनवर मला नीट बोलता येत नाही, आवाज चढतो. रविवारी चढला, तोही जावयांसमोर, आणि तू ताटावरून उठलीस. तुझं ताट आईने संध्याकाळपर्यंत झाकून ठेवलं होतं. म्हणून लिहायला बसलो. तुझ्या तब्येतीचा विषय काढणार नाही असं आईला कबूल केलंय. तुझ्या घरकर्जाबद्दलच लिहितो.

गेल्या गुरुवारी सकाळी तुझ्या नंबरवरून फोन आला आणि पलीकडे तू नव्हतीस. "काका, घाबरू नका, तुमची मुलगी घाटकोपरला बाकावर बसलीय, गाडीत चक्कर आली." करी रोडपासून घाटकोपरपर्यंत बसायला जागा असून मी दारातच उभा होतो. तुझ्याजवळ दोन बायका होत्या. त्यातली एक स्वतःच्या डब्यातला शिरा तुला चमच्याने भरवत होती. मी म्हटलं, ताई, तुम्हाला उशीर होईल, तर म्हणाली, लेटमार्क रोजचाच आहे हो. तिचं नावही विचारायचं राहिलं. त्याची मला रोज रुखरुख लागते.

डॉक्टरांकडे तुझं आधार कार्ड शोधताना पर्समधून ती वही निघाली. वाचायला नको होती, पण वाचली. सहावीत असताना मी तुला जमाखर्च लिहायला शिकवला, 'आले' आणि 'गेले' असे दोन रकाने. तू तिसरा पाडला आहेस, 'वाचले'. शेअर रिक्षा २०. चहा १२. केळं १०. पान उलटलं. रिक्षा २०, चहा १२, केळं १०. त्याच्या पुढच्या पानावरही केळं. म्हणजे तू रोज त्या केळीवाल्याशी थांबत होतीस, मनातल्या मनात एक केळं घेत होतीस, आणि तसंच सोडून गाडी पकडत होतीस.

हिमोग्लोबिन ७.९ आलं. बाईमाणसाचं बारा तरी असायला हवं.

झालं, आलोच त्या विषयावर. कर्जाचं लिहितो.

चिमे, आधी एक सांगायचंय, जे रविवारी सांगायला हवं होतं. मला तुझा अभिमान वाटतो. तीस वर्षं पतपेढीत कर्जखातं सांभाळलं. समोर येणारा माणूस विचारायचा, हप्ता किती बसेल. मुद्दल किती उरलं, हे विचारणारे मी बोटावर मोजू शकतो. तू विचारलंस. २०२३ च्या मार्चमधली ती रात्र मला अजून दिसते, तू बँकेचा कागद घेऊन आमच्याकडे आली होतीस. २०२१ साली ३५ लाख घेतले तेव्हा दर ६.८ होता, वीस वर्षं, हप्ता २६,७१७. मग २०२२ च्या मेपासून रेपो, म्हणजे रिझर्व्ह बँकेचा दर, चढत गेला, चारवरून साडेसहावर, आणि तुझा दर ९.३ झाला. बँकेने हप्ता तोच ठेवून मुदत लांबवली होती, म्हणून तुम्हाला काही कळलंच नाही. मी पाठकोऱ्या कागदावर मांडून दाखवलं. उरलेल्या ३४ लाखांचं महिन्याचं व्याज २६,३५०. हप्ता २६,७१७. मुद्दलात गेले ३६७ रुपये.

तू त्या ३६७ कडे बघत राहिलीस. मग म्हणालीस, "बाबा, म्हणजे आम्ही भाडंच भरतोय." आणि पुढच्या महिन्यापासून पन्नास हजार भरायला लागलीस. सासूबाईंच्या पेन्शनीला हात न लावता, जावयांची नोकरी मध्ये चार महिने गेलेली असताना. असं करणारी माणसं मी पतपेढीत फार थोडी पाहिली, आणि ती आपल्या घरातली असेल असं वाटलं नव्हतं.

२०२५ साली रेपो उतरला. फेब्रुवारीपासून जूनपर्यंत साडेसहाचा साडेपाच झाला. तुझा दर ८.३ वर आला असेल, आला नसेल तर जाऊन विचार. दर उतरला म्हणून हप्ता कमी करून देतो म्हणतील, तो करायचा नाही. बोनसचे वरचे भरशील तेव्हा मुदत कमी करा असं लेखी द्यायचं, तोंडी नाही, आणि पोच घ्यायची. बदलत्या दराच्या घरकर्जावर आगाऊ भरण्याचा दंड लागत नाही, कुणी मागितला तर देऊ नकोस. क्रेडिट कार्डाची बाकी एक दिवस राहू द्यायची नाही. दर सहा महिन्यांनी उतारा काढून...

असो. हे सगळं तुला माझ्यापेक्षा जास्त येतं. निवृत्त झालो तरी काउंटरची सवय सुटत नाही. राग मानू नकोस.

तुला वाटतं, बाबांना काटकसर कळत नाही, आता उतारवयात हळवे झाले. तसं नाही गं. मी काटकसर कशी केली होती, ते तुला कधी सांगितलं नाही. आईलाही अर्धंच माहीत आहे.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी वीस वर्षांचा होतो. डॉक्टर सामंतांच्या मागे अडीच लाख कामगार बाहेर आले, त्यात तुझे आजोबा, अण्णा. आजीची खानावळ होती, सात जण जेवायला असायचे, कोकणातले, घाटावरचे. पहिले दोन महिने उधारीवर जेवले, मग एकेक करून गावाला निघून गेले. खानावळही बसली. संप मागे घेतला असं कुणी कधी जाहीर केलंच नाही. अण्णा रोज सकाळी गिरणीच्या दारापर्यंत जाऊन यायचे, किती वर्षं ते मी सांगत नाही.

देणं झालं होतं चौदा हजार. वाण्याची वही, खोलीचं थकलेलं भाडं, आत्याच्या लग्नाचं सराफाकडचं, आणि ते एक ज्याचं नाव आपल्या घरात घेत नाहीत. मला पतपेढीत साडेचारशे रुपयांवर चिकटवलं. मी वही घातली, तुझ्यासारखीच. एकवेळ भात. पेपर बंद. गणपतीला नवे कपडे बंद. आजीचं तपकिरीचं व्यसनसुद्धा मोजलं. आणि एक ओळ अशी आहे, माझ्या अक्षरात, खाली दोन रेघा मारलेली : दूध एक लिटर होतं, अर्धा केलं. फार हुशारी वाटली होती मला तेव्हा.

त्या अर्ध्या लिटरमधलं आजीच्या वाट्याला काही येत नव्हतं. ती सगळ्यांना वाढून मागून जेवायची, तेव्हा भांड्यात काय उरलंय हे बघायला कोण जातं? चपात्या लाटताना ती मधूनच पोळपाटावर हात टेकून थांबायची. मी ते बघायचो. मला वाटायचं, दमली असेल.

१९८७ च्या दिवाळीत वाण्याचे शेवटचे दोनशे दिले. त्याने माझ्यासमोर वहीवर उभी रेघ मारली आणि पेढा दिला. तो पेढा घेऊन मी शिवडीला गेलो, कारण आजी तिथे क्षयाच्या वॉर्डात होती. मी तिला म्हटलं, आई, आपण सुटलो. ती म्हणाली, "अर्धा तू खा." सात महिने होती तिथे. वाचली, तुझ्या नशिबात तिची मांडी होती. पण तुला ती आठवते ती एका कुशीवर झोपणारी, जिना चढताना दोनदा बसणारी. तू लहानपणी विचारायचीस ना, आजी अशी का श्वास घेते. मी तुला म्हणायचो, वय झालं. तेव्हा ती साठीचीही नव्हती.

क्षय काय फक्त दुधाने येत नाही, डॉक्टरांनी मला तसं सांगितलंही होतं. गिरणगावात घरोघरी होता. पण ती रेघ मी मारली होती, चिमे. ती वही अजून माळ्यावर आहे. तुझी वही हातात आली आणि मला वाटलं, हे रकाने मीच शिकवले.

रविवारी ओरडलो ते यामुळे. केळ्यावरून नाही.

आता हिशोबाचं ऐक, शेवटचं. काल बसून मांडलंय, जावयांना तपासायला दे. तुझे साधारण सव्वापंचवीस लाख उरलेत. ८.३ ने, पन्नास हजार भरत गेलीस तर आणखी ६२ हप्ते लागतात. शेचाळीस हजार भरलेस तर ६९. सात महिन्यांचा फरक. महिन्याला चार हजार हातात राहतात आणि कर्ज फक्त सात महिने लांबतं. या चार हजारांत तुम्हा दोघांचं सकाळचं खाणं, छोट्याचं दूध आणि फळं, तू मार्चमध्ये सोडलेली ती मेडिक्लेम, सगळं बसतं. पॉलिसीत खंड पडलाय, त्यामुळे नव्याने घ्यावी लागेल, आधीच्या आजारांची वाट बघण्याची मुदतही पुन्हा मोजतील. तरी घे. उद्या काही झालं आणि दोन लाखांचं बिल आलं तर तेच दोन लाख तू कुठल्या दराने उचलणार आहेस? घरकर्ज ८.३ ने आहे. वैयक्तिक कर्ज त्याहून बरंच महाग पडतं. ती मोडलेली एफडीही परत उभी करायला हवी, निदान तीन हप्त्यांपुरती.

बघ, पुन्हा लेक्चर झालं. माफ कर. आई दोनदा डोकावून गेली, म्हणते किती पानं लिहिताय.

माझी ग्रॅच्युइटी शाबूत असती तर तुला हे लिहायची वेळ आणली नसती. ती कुठे गेली ते तुला माहीत आहे, दादाला त्याबद्दल बोलू नकोस, तो आपल्या परीने करतोय. माझ्याकडून आता एवढंच होतं : पहिल्या वर्षाचा मेडिक्लेमचा हप्ता मी भरतो. नाही म्हणू नकोस. ही भीक नव्हे आणि कर्जही नव्हे, आजीच्या दुधाचं माझ्याकडे येणं निघतं असं समज.

आईने अळिवाचे लाडू केलेत, नारळ-गुळातले. जावई शनिवारी परळला येणार आहेत ना, त्यांच्याकडे डबा देतो. सोळा आहेत. सोळाच्या सोळा छोट्याला आणि शेजारणीच्या मुलांना वाटून टाकशील, मला माहीत आहे. तू लहानपणापासून तशीच, आजीवर गेलीस. आठ तरी तू खा. गाडीत चढायच्या आधी एक, स्टेशनवर, उभ्याने चालेल.

रविवारी या सगळे. मटण करणार नाही, खर्चाचं ओझं वाटेल तुला. डाळ-भात, वालाचं बिरडं. ताटावरून उठणार नाही असं मीही कबूल करतो. वही घेऊन ये. मी ती वाचणार नाही, तू दाखवलीस तरच.

तुझा,
बाबा

ता. क. : लोहाच्या गोळ्या चहाबरोबर घेऊ नकोस, अंगाला लागत नाहीत असं डॉक्टर म्हणाले होते, तू तेव्हा झोपली होतीस. लिंबूपाण्याबरोबर घे. आणि पहाटे गाडीला निघताना घेतलीस की मला एक मिस्ड कॉल दे, मी त्या वेळी जागाच असतो.