बागेतील बाके व झोपाळे यांच्या दुरुस्तीसाठी आवाहन

वसाहतीतील सर्व रहिवासी बंधू-भगिनींना बाग समितीचा सप्रेम नमस्कार.

जळगाव येथील आपल्या वसाहतीच्या बागेतील सागवानी बाके, बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) पायांची जुनी बाके, सिमेंटच्या बैठका आणि झोपाळे यांची दुरुस्ती या हिवाळ्यात करून घेण्याचे समितीने ठरवले असून, त्यासाठी साहित्य, श्रम आणि शक्य असल्यास आर्थिक मदत द्यावी, अशी आपणांस विनंती आहे. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी आलेल्या लेकी झोक्यावर बसतील, तोवर सर्व काम पूर्ण व्हायला हवे.

जुनी बाके भंगारात देऊन स्टीलची नवी बाके घ्यावीत, अशी सूचना काही सभासदांनी केली होती. समितीने तिचा विचार केला आणि ती स्वीकारली नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि उन्हात तापलेल्या स्टीलला हातही लावता येत नाही. लाकूड तेवढेच तापले तरी त्यातील उष्णता अंगाला हळूहळू लागते. शिवाय आपली बहुतेक बाके दिसतात तितकी खराब झालेली नाहीत. सागाला आलेला करडा रंग हा कुजल्याचा नसून, उन्हातील अतिनील किरणांनी लाकडाचा वरचा पातळ थर बदलल्याचा आहे. पॉलिशपेपरने तो घासला की खाली चांगले लाकूड निघते.

खरे नुकसान पायांपाशी झाले आहे. लाकडाचा आडवा कापलेला भाग बाजूंच्या मानाने कितीतरी अधिक पाणी शोषतो आणि आपल्या बाकांचे नेमके तेच भाग थेट मातीत टेकलेले आहेत, त्यामुळे पावसाळ्यात ओल वर चढते आणि पाठोपाठ वाळवी लागते. म्हणून प्रत्येक पायाचा कुजलेला भाग कापून तेथे नवा तुकडा जोडायचा, त्याचे टोक रंगाने बंद करायचे आणि बाक सिमेंटच्या ठोकळ्यावर उभे करायचे, असे ठरले आहे. पट्ट्यांवर दिसणारे काळे डाग लोखंडी खिळ्यांमुळे पडले आहेत, कारण सागातील टॅनिन हे तुरट द्रव्य ओलाव्यात लोखंडाशी मिळून काळे पडते. ते खिळे काढून स्टेनलेस स्टीलचे स्क्रू बसवले जातील.

लाकूड घासून झाल्यावर त्यावर रंगकामाचे उकळलेले जवसाचे तेल टर्पेंटाइनमध्ये पातळ करून लावायचे आहे. व्हार्निश अधिक चकाकते हे खरे, परंतु उघड्यावरच्या लाकडावर त्याचा पापुद्रा उन्हाने तडकतो, फटींतून पाणी आत जाते आणि पुढच्या वेळी सगळे खरवडून काढावे लागते. तेलाचा हात दरवर्षी पावसाळा संपल्यावर पुन्हा फिरवला की पुरते. काही मंडळी घरचे शेंगदाण्याचे तेल द्यायला तयार आहेत, पण ते सुकत नाही, चिकट राहते. गाडीचे जळके ऑईलही कृपया आणू नये. कुंपणाच्या खांबांना ते लावण्याची आपल्याकडे रीत आहे. मात्र बसायच्या बाकाला लावले तर ते कपड्यांना आणि अंगाला लागेल, आणि ते आरोग्यास घातक आहे.

बिडाच्या पायांवरील गंज तारेच्या ब्रशने काढून त्याच दिवशी रेड ऑक्साइड हे गंजरोधक अस्तर आणि ते सुकल्यावर ऑइलपेंटचे दोन हात द्यायचे आहेत. हे काम सकाळी लवकर होईल, कारण तापलेल्या धातूवर रंग नीट बसत नाही. तडा गेलेले बीड साध्या वेल्डिंगने धरत नाही; त्यासाठी जाणकार कारागीर लागेल. सिमेंटच्या बैठकांमध्ये आतली सळई गंजून फुगली आहे आणि तिने वरचा गिलावा फोडला आहे. वरवर सिमेंट थापून काही उपयोग नाही. सळई उघडी करून, घासून, गंजरोधक प्राइमर लावल्यावरच ती बुजवता येईल. झोपाळ्यांच्या साखळ्या आणि कड्या जिथे घासून बारीक झाल्या आहेत, तिथे दुरुस्ती न करता त्या बदलल्याच जातील. या एका बाबतीत काटकसर होणार नाही.

आम्हाला हवे आहे ते असे: सुतारकाम, रंगकाम किंवा वेल्डिंग जाणणाऱ्यांचा थोडा वेळ, जुन्या दारे-खिडक्यांचे सुके सागवान, पॉलिशपेपर, ब्रश, रेड ऑक्साइड आणि तेल. काही जाणत नसलेल्यांनाही घासकाम सहज जमेल, फक्त ते लाकडाच्या रेषांच्या दिशेने करावे. प्लास्टिकच्या खुर्च्या मात्र देऊ नयेत. उन्हाने ठिसूळ झालेल्या प्लास्टिकवर उपाय नसतो आणि ते अंगाखाली अचानक मोडते. खर्चाचे अंदाजपत्रक बागेतील फलकावर लावले आहे. रोख देणगी पावती घेऊनच द्यावी.

देणगीदारांची नावे बाकांच्या पाठीवर रंगवली जाणार नाहीत, ती फलकावर लिहिली जातील. बाकावर नाव मोठे असावे की लहान, यावर आजवर जेवढा विचार झाला, तेवढा त्याच्या पायांचा झाला असता तर हे आवाहन करण्याची वेळ आली नसती, असे आमचे स्पष्ट मत आहे.

श्रमदानाला येणाऱ्यांनी एक गोष्ट कटाक्षाने पाळावी. जवसाचे तेल लागलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकल्या, तर तेल सुकताना निर्माण होणारी उष्णता साचून त्या आपोआप पेट घेऊ शकतात. म्हणून वापरलेली प्रत्येक चिंधी पाण्याच्या बादलीत टाकावी. दिलेले साहित्य सकाळी बागेतील माळीदादांच्या हाती सोपवावे. तेलाचे आणि टर्पेंटाइनचे डबे खोलीत परस्पर ठेवू नयेत.

आपले नम्र,
बाग समिती