तक्रार पत्र: ‘वाहनमुक्त’ कालवा सहलीत मोटाररस्त्यावर नेल्याबद्दल

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग (सायकल सहली)

विषय: ‘शंभर टक्के वाहनमुक्त’ अशी जाहिरात केलेल्या सी अँड ओ कालवा सहलीत जुना, चुकीचा मार्ग दिल्याबद्दल आणि अयोग्य सायकली पुरवल्याबद्दल

महोदय / महोदया,

माझी थोरली बहीण, तिचा शाळकरी मुलगा आणि मी असे तिघे यंदा एप्रिलच्या सुरुवातीला आपल्या कंपनीमार्फत अमेरिकेतल्या चेसापीक अँड ओहायो कालव्याकाठच्या सहलीला गेलो होतो. कंबरलंडहून वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउनपर्यंत, सोबत वाटाड्या नाही, सायकली आपल्या आणि मराठी मार्गपुस्तिकाही आपलीच. बुकिंगची पावती, पुस्तिकेच्या संबंधित पानांच्या प्रती, आपण पाठवलेली जीपीएक्स फाइल (फोनवर मार्ग दाखवणारी), आपल्याशी झालेला ईमेल व्यवहार आणि फोटो सोबत जोडले आहेत.

माझी बहीण सायकल चालवायला उशिरा शिकली. मोकळ्या वाटेवर ती दिवसभर आनंदाने चालवते, पण मागून मोटार येत असेल तर तिचे हात हँडलवर ताठ होतात आणि तोल जातो. म्हणून बुकिंग करण्याआधीच मी आपल्याला स्पष्ट विचारले होते की संपूर्ण मार्गात कुठे मोटारींच्या रस्त्यावरून जावे लागेल का. ‘कुठेही नाही, सगळा मार्ग टोपाथवरूनच आहे’, म्हणजे बोटी ओढणाऱ्या खेचरांसाठी कालव्याकाठी केलेल्या वाटेवरूनच, असे लेखी उत्तर आले. त्या उत्तरावर विसंबूनच ती यायला तयार झाली.

विल्यम्सपोर्टहून पुढे निघाल्यावर मॅकमहन्स मिलपाशी आपल्या फाइलने आम्हाला टोपाथ सोडून डावीकडे वळवले. पुस्तिकेत त्या जागी एवढीच ओळ आहे: ‘येथून डावीकडे वळा, धरण क्रमांक ४ पाशी पुन्हा टोपाथवर या.’ कारण दिलेले नाही, धोक्याची सूचना नाही. आम्ही वळलो आणि थेट मोटारींच्या रस्त्याला लागलो. अरुंद, वळणावळणाचा, चढउतारांचा रस्ता, आणि सायकलला सरकायला कडेला बाजूपट्टी नाही. वळणापलीकडून काय येते आहे ते दिसत नव्हते. एक पिकअप ट्रक मागून आला. त्याच्या चालकाने वेग कमी केला, बरेच अंतर ठेवून ओलांडले, त्याचा काही दोष नाही. पण बहीण घाबरून कडेच्या गवतात उतरली ती पुन्हा सायकलवर बसलीच नाही. उरलेला सगळा फेरा तिने सायकल हातात धरून चालत काढला, मी तिच्या मागे आणि मुलगा आमच्या दोघींच्या मध्ये.

त्या संध्याकाळी शेफर्ड्सटाउनला मुक्कामी भेटलेल्या एका सायकलस्वाराने जे सांगितले ते ऐकून मला संताप आवरेना. ज्या टप्प्याला वळसा घालून आपण आम्हाला रस्त्यावर पाठवले, तो ‘बिग स्लॅकवॉटर’ सायकलींसाठी खुला आहे. आज नाही, २०१२ पासून. तिथे कालवा खोदलेलाच नव्हता. धरण क्रमांक ४ मुळे फुगलेल्या पोटोमॅक नदीतूनच बोटी जात आणि त्या ओढणारी खेचरे कड्याच्या पायथ्याशी, अगदी पाण्यालगत चालत. पुरांनी ती वाट उद्ध्वस्त केली होती, म्हणून बरीच वर्षे सायकलस्वारांना रस्त्यावरून फेरा घ्यावा लागे. २०१२ साली तिथे पाण्यालगत काँक्रीटची वाट बांधून झाली आणि फेऱ्याची गरज संपली. म्हणजे आपण आम्हाला दिलेली फाइल त्याआधीची आहे. त्यानंतर आपल्यापैकी कोणीही हा मार्ग स्वतः चालवून तपासलेला नाही, याखेरीज दुसरा अर्थ मला लावता येत नाही. आणि ही जागा म्हणजे संपूर्ण मार्गातली सर्वांत देखणी जागा असल्याचे ज्याने त्याने आम्हाला सांगितले. ती आम्ही पाहिलीच नाही.

दुसऱ्या दिवशी बहीण सायकलवर बसायला तयार नव्हती. ती सामानाच्या गाडीतून पुढे गेली. त्यामुळे मोनोकसी नदीवरून कालवा नेणारा सात कमानींचा, ५१६ फूट लांबीचा १८३३ सालचा दगडी जलसेतू तिने पाहिला नाही. सहल ठरल्यापासून ती त्याच्याबद्दल वाचत होती.

मी तिथूनच आपल्या मदत क्रमांकावर तक्रार केली. ‘स्थानिक परिस्थितीनुसार मार्ग बदलू शकतो’ असे उत्तर मिळाले. हे उत्तर इथे लागू होत नाही. पोटोमॅकला पूर येतात, टोपाथचे तुकडे वाहून जातात, झाडे कोसळतात, आणि अशा वेळी नॅशनल पार्क सर्व्हिस, म्हणजे तिथली राष्ट्रीय उद्याने सांभाळणारी सरकारी संस्था, तो भाग बंद ठेवते. तसे काही झाले असते तर मी एका शब्दाने कुरकुर केली नसती. इथे परिस्थिती बदलली ती सुधारण्याच्या दिशेने, आणि तीही एक तपाहून अधिक काळापूर्वी.

या कालव्याच्या बाबतीत ही गोष्ट मला विशेष लागते. १८२८ साली खोदायला घेतलेला आणि १८५० साली कंबरलंडला पोहोचलेला हा कालवा १९२४ च्या पुरानंतर बंद पडला. पुढे त्याच्या जागेवरून मोटाररस्ता काढायचे घाटत होते. १९५४ साली ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने त्या रस्त्याच्या बाजूने अग्रलेख लिहिला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम ओ. डग्लस यांनी संपादकांना आपल्यासोबत ही वाट पायी चालून पाहण्याचे जाहीर आव्हान दिले आणि कंबरलंडहून वॉशिंग्टनपर्यंतचे अंतर ते स्वतः चालले. १९७१ साली कालव्याला राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यानाचा दर्जा मिळाला. इथली सलग १८४.५ मैलांची वाट, म्हणजे सुमारे २९७ किलोमीटर, मोटारींपासून वाचली ती माणसांनी त्यासाठी पावले झिजवली म्हणून. आपल्या माहितीपत्रकात डग्लस यांचा फोटो छापलेला आहे. तो छापणाऱ्याने मार्गाची फाइलही उघडून पाहायला हवी होती.

आता सायकलींविषयी. ‘ग्रॅव्हल बाईक, किमान ४० मिलिमीटर रुंदीचे टायर’ असे करारात लिहिले आहे. प्रत्यक्षात २८ मिलिमीटरचे, जवळजवळ गुळगुळीत टायर असलेल्या सायकली हातात पडल्या आणि ‘एवढ्यावर होऊन जाते’ असे सांगण्यात आले. होत नाही. पुस्तिकेत संपूर्ण पृष्ठभागाला ‘बारीक दाबलेली खडी’ म्हटले आहे. ते वर्णन कंबरलंडहून उलट दिशेला पिट्सबर्गकडे जाणाऱ्या ग्रेट अलिगेनी पॅसेजला शोभते, कारण तो जुन्या रेल्वेमार्गावरचा बारीक चुनखडीचा रस्ता आहे. कालव्याच्या टोपाथवर काही टप्प्यांत नवी खडी टाकली आहे, पण बऱ्याच ठिकाणी अजूनही माती, मुळे, आणि मध्ये गवत असलेल्या दोन चाकोऱ्या आहेत. पाऊस झाला की ती चिकणमाती होते. आमच्या सायकलींचे मडगार्ड टायरला इतके चिकटलेले होते की चिखल आत दाबून बसायचा आणि चाक फिरेनासे व्हायचे. काडीने चिखल उकरत आम्ही किती वेळा थांबलो याला हिशोब नाही. सगळा मार्ग उताराकडचा, ७४ लॉक (बोटी वरखाली नेण्यासाठी कालव्यात बांधलेले दारांचे टप्पे) मिळून सगळा उतार जेमतेम ६०५ फुटांचा. योग्य टायर असते तर हा मार्ग लहान मुलालाही जमण्यासारखा आहे.

पॉ पॉ बोगद्याविषयी पुस्तिकेत ‘प्रेक्षणीय’ एवढाच शब्द आहे. हा विटांनी बांधलेला बोगदा ३,११८ फूट लांब आहे, आत दिवे नाहीत, आणि कठड्यालगतची वाट इतकी अरुंद की सायकल हातात धरून चालावे लागते. आपण दिलेल्या तिन्ही सायकलींवर दिवा नव्हता. आम्ही मोबाईलच्या उजेडात पार झालो. सायकलला घंटी असणे हा त्या उद्यानाचा नियम आहे, तीही एकाच सायकलवर होती. आणखी एक: ‘दर काही मैलांवर तळावर पंपाचे पाणी मिळेल’ असे पुस्तिका सांगते, तळ म्हणजे वाटेवरच्या तंबू ठोकण्याच्या जागा. हे पंप हिवाळ्यात बंद करतात आणि एप्रिलच्या मध्यापर्यंत सुरू होत नाहीत. तारखा आपणच ठरवून दिल्या होत्या, तेव्हा हे सांगणे आपले काम होते. पहिल्या कोरड्या पंपानंतर आम्ही गावातून निघतानाच बाटल्या भरून घेऊ लागलो, म्हणून निभावले.

ज्या घरांत आम्ही उतरलो ती चांगली होती आणि सामान रोज वेळेवर पोहोचत होते. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

माझी मागणी अशी. जुनी फाइल आजच्या आज मागे घ्या आणि ती ज्या ग्राहकांना पाठवली आहे, त्या सर्वांना बिग स्लॅकवॉटरचा खरा मार्ग कळवा. पुढच्या तुकडीत कोणी लहान मुलांना घेऊन त्या रस्त्यावर जाण्याआधी हे झाले पाहिजे, माझ्या पैशांचा विचार त्यानंतर केलात तरी चालेल. पुस्तिकेत प्रत्येक टप्प्याचा पृष्ठभाग, बोगदा आणि पाण्याची सोय यांची खरी माहिती लिहा आणि माहिती शेवटची कधी प्रत्यक्ष तपासली ती तारीख त्यावर छापा. करारात लिहिल्याप्रमाणे सायकली न दिल्याबद्दल तिघांचे सायकलभाडे पूर्ण परत करावे, आणि बहिणीला चुकलेल्या दिवसाचे शुल्क तिला वेगळे परत करावे.

लेखी खात्री देऊन नेमके त्याच्या उलट करणे ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सेवेतील त्रुटी आहे आणि ‘शंभर टक्के वाहनमुक्त’ हा दावा दिशाभूल करणारी जाहिरात आहे. हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर आले नाही, तर मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवेन आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. फोनवरचे आश्वासन मी उत्तर म्हणून धरणार नाही.

आपली,
एक ग्राहक
(नाव व बुकिंग क्रमांक सोबतच्या पावतीवर)

सोबत: पावती, ईमेलच्या प्रती, पुस्तिकेची पाने, जीपीएक्स फाइल, सायकलींचे व टायरवरील मापांचे फोटो