सात बायका मोजल्या, बोलली एकही नाही

मा. संपादक,
स. न.

'जगात 25 टक्के, आमच्या पानांत 46 टक्के' हा मथळा कालच्या अंकात वाचला. आपल्या बातम्यांत बाया किती, हे एखाद्या दैनिकाने स्वतः मोजावं हे कौतुकाचंच. पण कसं मोजलं, ते खालच्या चौकटीत बारीक टायपात दिलंय. तिथे कौतुक संपतं.

आठवडा निवडला तो महिला दिनाचा. पोळ्याच्या दिवशी गोठ्यात डोकावून बैलांना वर्षभर पुरणपोळी मिळते असं छापण्यातला हा प्रकार. सलग आठवडा घ्यायचाच नसतो. एका आठवड्यातला सोमवार, दुसऱ्या कुठल्या तरी आठवड्यातला मंगळवार, असे चिठ्ठ्या टाकून सात वार जुळवायचे. वर्षभराच्या दैनिकासाठी असे दोन जुळवलेले आठवडे, म्हणजे 14 अंक, साधारण पुरतात. वार सांभाळायचे कारण पुरवण्या: ज्या वारी रेसिपी आणि सौंदर्याची पुरवणी, त्या वारी आकडा आपोआप फुगतो.

आता पान तीनवरचा हरभरा सोंगणीचा फोटो. सात बाया वाकलेल्या, डोक्याला दुपट्टे, एकीचाही चेहरा धड दिसत नाही. ओळ काय, तर 'अवकाळीच्या धास्तीने सोंगणीची लगबग'. नाव एकीचंही नाही. खालच्या बातमीत बोलले तिघे: वावराचे मालक, कृषी सहायक आणि अडत्या. तिघेही पुरुष. तुमच्या हिशेबात सात बाया, तीन पुरुष, म्हणजे इथे 70 टक्के स्त्रिया! बोलणारे मोजले तर शून्य.

ज्या जागतिक मोजणीशी (ग्लोबल मीडिया मॉनिटरिंग प्रोजेक्ट) तुलना केलीत, ती 1995 मध्ये 71 देशांत सुरू झाली. तेव्हा आकडा 17 टक्के होता, 2020 मध्ये 25. तिथे घोळके मोजत नाहीत. जिच्याबद्दल बातमी आहे किंवा जी बातमीत बोलते, ती व्यक्ती मोजतात. तुमचे 46 त्या 25 शेजारी ठेवणं म्हणजे क्विंटल आणि पायली एकाच काट्यावर.

तक्त्यात एका व्यक्तीला एक ओळ द्या. रकाने: बोलली, की तिच्याबद्दल दुसरंच कोणी बोललं, की नुसती फोटोत, नाव आहे का, कोणाची पत्नी-आई म्हणून ओळख दिली का, आणि कोणत्या नात्याने बोलली, अधिकारी, जाणकार, पीडित की रस्त्यावरची प्रतिक्रिया. लिंगाचे रकाने दोन नव्हे, 'कळत नाही' हाही ठेवा. मराठीत क्रियापदावरून कळतं म्हणावं, तर महिला तहसीलदारांच्या तोंडीही सवयीने 'म्हणाले' छापलेलं सापडतं. आणि सरपंच बाई फीत कापतात, प्रतिक्रिया त्यांच्या नवऱ्याची. ती ओळ पुरुषाच्या खात्यात जाते, हे मोजणाऱ्याला आधीच लिहून द्यावं लागतं. नाही दिलं की प्रत्येक जण आपापल्या मनाने भरतो.

'दोघा मोजणाऱ्यांचं 90 टक्के जुळलं' हे तर अभिमानाने छापलंय. बोलणाऱ्यांच्या रकान्यात तुमच्याच चौकटीनुसार 90 टक्के पुरुष आहेत (हा आकडा मथळ्यात का नाही, ते कळलंच). मग त्याच प्रमाणात डोळे मिटून भरलं तरी 82 टक्के जुळतं: 0.9 गुणिले 0.9, अधिक 0.1 गुणिले 0.1. योगायोगाचं वजा करून उरतं ते कोहेनचं कप्पा, म्हणजे खऱ्या जुळणीचं माप: 90 वजा 82, भागिले 100 वजा 82. उत्तर 0.44. साधारण 0.80 च्या पुढे असेल तर भरवसा ठेवावा. कमी आलं तर तक्ते बाजूला ठेवून आधी सूचना दुरुस्त करायच्या, मग दोघांनी एकमेकांचं न पाहता पुन्हा भरायचं.

त्याच अंकात पान पाचवर 'विवाहितेची आत्महत्या' आणि त्याला लागूनच 'शेतकऱ्याची आत्महत्या'. त्या शेतकऱ्याचं लग्न झालं होतं, हे बातमीच्या शेवटच्या ओळीत. ती काय काम करत होती, हे कुठेच नाही. एवढा एक रकाना तरी वाढवा.

ता. क. बाजारभावात तुरीचा नुसता कमाल दर छापता. बाजार समिती किमान आणि सर्वसाधारण दरही देते. कमाल दर ढिगातल्या एखाद्याच गाडीला मिळतो. आमचा माल जातो सर्वसाधारण भावाने.

– एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ