स्टार्टरवरचा अंगठा

प्रिय मेस्त्री काका,
सादर नमस्कार.

त्या सकाळी माझा अंगठा स्टार्टरवर टेकलेलाच होता, तेवढ्यात तुम्ही पलीकडून ओरडलात, "थांब! आधी पाणी बघू." रात्रभर पारा शून्याच्या बराच खाली होता आणि बाईक उघड्यावर. मला फक्त बॅटरीची काळजी होती. बरं झालं तुम्ही ओरडलात. नुसतं बोलला असता तर मी ऐकलं नसतं.

तुम्ही बाजूच्या कूलंटच्या, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या, बाटलीकडे एक नजर टाकलीत आणि विचारलंत, "उन्हाळ्यात काय ओतलंस?" नळाचं पाणी, मी म्हणालो. "किती वेळा?" ते काही मला आठवेना. इंजिन गारठलेलंच होतं म्हणून रेडिएटरचं झाकण उघडलंत (गरम असताना त्याला हात लावायचा नाही, हे मात्र मला माहीत होतं) आणि माझं बोट आत घालायला लावलंत. बोटाला बर्फाचा चुरा लागला. पोटात गोळा आला.

पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं, हे शाळेत पाठ केलं होतं. ते फुगणं माझ्या सिलिंडरभोवतीच्या अॅल्युमिनियमच्या पोकळीत चाललंय, हे कधी मनात आलं नव्हतं. तशात बटण दाबलं असतं तर? बर्फात अडकलेला पाण्याचा पंप इंजिनाने जबरदस्तीने फिरवला असता, त्यातला पंखा किंवा शाफ्ट गेला असता. पंप वाचला असता तरी रेडिएटर तुंबलेला, म्हणजे बाहेर हाडं गोठवणारी थंडी आणि आत इंजिन तापून लाल!

मी हीट गन शोधायला निघालो, तर तुम्ही हात धरलात. दोघांनी गाडी ढकलत आत घेतली आणि संध्याकाळपर्यंत तशीच ठेवली. इंजिनखाली तुम्ही जुनं वर्तमानपत्र अंथरलंत, गळतंय का ते कळावं म्हणून. ऑइलच्या काचेत तुम्ही तीनदा डोकावलात. ऑइल दुधाळ झालं असतं तर पाणी आत शिरलंय असं समजायचं, म्हणालात. कागद कोरडा, ऑइल स्वच्छ. नशीब माझं.

मग तुम्ही तो रिफ्रॅक्टोमीटर काढलात, कूलंट किती थंडीत गोठेल ते दाखवणारा. काचेवर एक थेंब, वर झाकण, उजेडाकडे धरून बघायचं. निळ्या-पांढऱ्याची सीमारेषा उणे ६ अंशांवर होती. रंगावर जाऊ नकोस, हे तुम्ही तेव्हा बजावलंत. हिरवं असो की गुलाबी, कूलंट किती थंडी सोसेल हे रंग सांगत नाही.

मी शहाणपणा करत म्हणालो, मग नुसतं कूलंटच भरू की, पाणी हवंय कशाला? तुम्ही हसलात. कूलंटमधलं मुख्य द्रव्य, म्हणजे निव्वळ इथिलीन ग्लायकॉल, उणे १३ अंशांच्या आसपासच गोठतं, निम्मं डिस्टिल्ड पाणी घातलं की तेच उणे ३७ पर्यंत टिकतं. हे मला अजूनही जादूसारखं वाटतं.

पंपाजवळचा ड्रेन बोल्ट सोडून सगळं काढलंत, डिस्टिल्ड पाण्याने धुतलंत. धुतलेलं थोडं पाणी इंजिनात राहतंच, म्हणून नवीन मिश्रण जरा दाट केलंत, गाडी चालवून, थंड करून पुन्हा थेंब तपासलात. कूलंटसुद्धा सिलिकेट नसलेलं निवडलंत, पंपाच्या सीलला ते बरं म्हणून. होज दाबून दाबून हवेचे बुडबुडे काढलेत. पातळी उतरली तेव्हा माझा हात सवयीने पाण्याकडे गेला आणि तुम्ही फक्त माझ्याकडे बघितलंत. मुकाट्याने मिश्रणाची बाटली उचलली.

एक गोष्ट तुमच्या लक्षातही नसेल. एरवी मांजरांवर खेकसणारे तुम्ही, फरशीवर सांडलेले चार थेंब दोनदा पुसलेत. ते गोड लागतं, जनावरं चाटतात आणि मरतात, एवढंच पुटपुटलात.

पैसे घेतले नाहीत. बोल्टचा नवा तांब्याचा वॉशरही तुमच्याच डब्यातला. काका, मनापासून आभार.

उरलेल्या मिश्रणाची बाटली फळीवर आहे, तुमच्या अक्षरात 'फक्त हेच ओत' लिहिलेली. रिफ्रॅक्टोमीटर मात्र माझ्याकडेच राहिलाय. रविवारी आणून देतो, त्याआधी धाकट्या भावाच्या गाडीतला एक थेंब बघून घेतो. उन्हाळ्यात त्याला पाणी ओतायला मीच सांगितलं होतं.

तुमचा,
समोरच्या घरातला उतावळा