जोडून न दिलेल्या सेलबद्दल आभार

नागपूरच्या बर्डीवरच्या रिपेअरिंगवाल्या भाऊंना,

सप्रेम नमस्कार.

लॅपटॉपची मेलेली बॅटरी आणि एक्सबॉक्स गेमचा कंट्रोलर पिशवीत घालून जो पोरगा तुमच्या काउंटरवर आला होता, त्याची मी आई. दिवसभरात तुमच्याकडे एवढी गर्दी असते की चेहरा आठवायचं कारण नाही. त्याचं म्हणणं कदाचित आठवेल: "काका, यातला सेल काढून यात बसवून द्या ना." पाच मिनिटांत वायर चिकटवून पैसे घेता आले असते. तुम्ही ते केलं नाहीत, म्हणून हे पत्र.

त्या कंट्रोलरला दोन पेन्सिल सेल लागतात, दीड-दीड मिळून तीन व्होल्ट. सुट्ट्या लागल्या की आमच्या किराण्याच्या यादीत साखरेखाली सेल लिहिलेले असायचे. बाजारातून रिचार्जेबल पेन्सिल सेल आणले असते तर विषय तिथंच मिटत होता, हे मलाही कळतं. पण पोराला ते स्वतः बनवायचं होतं आणि भंगारातूनच बनवायचं होतं. असले हट्ट मी मोडत नाही.

लॅपटॉपमधल्या सेलचा नंबर १८६५०, म्हणजे १८ मिलिमीटर जाड आणि ६५ लांब. पेन्सिल सेलच्या खाचेत तो जातच नाही. शिवाय पूर्ण चार्ज झाला की ४.२ व्होल्ट देतो. तेवढे सरळ कंट्रोलरला दिले तर काय होईल, असं त्यानं विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "एखाद्यावेळी चालन बी. मंग एक दिवस नाही चालन."

खरी मजा पुढे होती. बॅटरीचं कवच तुम्ही प्लास्टिकच्या पट्टीनं कडेकडेनं उकललंत. स्क्रू-ड्रायव्हर आत खुपसू दिला नाहीत. आत सहा सेल, दोन-दोनच्या तीन जोड्या. मीटरच्या पिना एकेका जोडीला लावल्यात. दोन जोड्या साडेतीन व्होल्टच्या वर, तिसरी एकच्याही खाली. त्या एका जोडीपायी सगळी बॅटरी भंगारात गेली होती. पोरगा लगेच म्हणाला, मेलेला सेल हळूहळू चार्ज केला तर उठेल ना, व्हिडिओत उठवतात. तुमचं उत्तर, "उठन ना. पण घरात नाही उठवाचा."

आणि मग गिऱ्हाईक ताटकळत असताना तुम्ही त्याला कारणही सांगितलंत, याचं मला फार अप्रूप वाटलं. लिथियमचा सेल दोन व्होल्टच्या खाली बरेच दिवस पडून राहिला की आतल्या तांब्याच्या पत्र्याचं तांबं विरघळायला लागतं. पुन्हा चार्ज करताना तेच तांबं भलत्याच जागी साचतं आणि सेल आतल्या आत शॉर्ट होऊ शकतो. वरून मात्र तो नवा कोरा दिसतो. उरलेले चार सेलही तुम्ही लगेच वापरू दिले नाहीत. सुटे करून, चार्ज करून आठवडाभर नुसते ठेवायला लावलेत. एकाचे व्होल्ट घसरले, तोही बाद. बाद सेलांच्या टोकांना टेप लावून ते तुम्ही तुमच्याच डब्यात टाकलेत, त्याच्या हाती परत दिले नाहीत. मला विचाराल तर तुमच्या दुकानातलं सगळ्यात मोलाचं काम तेच.

चार्जिंगचं ते छोटं निळं बोर्ड, टीपी४०५६, एक अँपिअरनं चार्ज करतं. त्यावरचा करंट ठरवणारा १.२ किलो-ओहमचा रेझिस्टर काढून तुम्ही २ चा लावायला सांगितलात, की करंट ५८० मिलिअँपिअरवर येतो. म्हाताऱ्या सेलला घाई कशाला! सेलचे व्होल्ट तीनवर आणायला रेग्युलेटर लागतो. जुन्या राऊटरमधून काढलेला १११७ रेग्युलेटर स्वतःच व्होल्टभर खातो, म्हणून तो नाकारलात आणि तीन व्होल्टचा लो-ड्रॉपआउट, म्हणजे स्वतः कमी खाणारा, नवा घ्यायला लावलात. भंगाराचा हट्ट एवढ्यापुरता मोडला.

बाकी जुगाड आमच्या घरचा. मोडक्या लाटण्याची मूठ घासून पेन्सिल सेलच्या मापाचे दोन लाकडी तुकडे केले, एकेका टोकाला पितळी स्क्रू बसवला आणि त्यातून वायरी काढल्या. हे नकली सेल खाचेत बसतात. खरा सेल, चार्जिंगचं बोर्ड आणि रेग्युलेटर जुन्या चार्जरच्या कवचात, कंट्रोलरच्या पाठीला. दिसायला ओबडधोबड आहे, पण चालतं.

तुमच्या दोन अटी आम्ही पाळतो. चार्जिंगला लावून खेळायचं नाही. कंट्रोलर करंट ओढत असला की सेल भरला की नाही हे त्या बोर्डाला नीट कळत नाही. आणि मे महिन्यात दुपारी चार्ज करायचं नाही. असले सेल साधारण ४५ अंशांच्या वर चार्ज करू नयेत म्हणतात, आणि आपल्या नागपुरात २०१३ च्या मे महिन्यात पारा ४७.९ वर गेला होता. आमची खोली पत्र्याखालची, तिथे कूलरही हात टेकतो. त्यामुळे चार्जिंग सकाळी, खालच्या खोलीत, कुणीतरी जागं असताना.

मजुरी घेतलीत हे बरं केलंत. फुकट शिकवलं असतंत तर पोरगा पुन्हा यायला लाजला असता.

एक विनंती आहे. त्याचा एक दोस्त येत्या रविवारी फुगलेली पॉवर बँक घेऊन तुमच्याकडे येणार आहे. आतले सेल चांगले आहेत असं तो छातीठोकपणे सांगेल. त्यालाही असंच आधी नाही म्हणा.

तुमची,
कंट्रोलरवाल्या पोराची आई