ताप कसला आहे, हे आधी विचार

कुडाळ,
रविवार, रात्री

चि. सईस,
अनेक आशीर्वाद.

परवा गडचिरोलीच्या तुझ्या आरोग्य केंद्रातून फोनवर तू विचारलंस, "आई, रिपोर्ट यायला चार-चार दिवस लागतात, तोवर पेशंटला काय द्यायचं?" आणि तुझी रेंज गेली. मी बराच वेळ एकटीच बोलत होते. ते सगळं आता कागदावर उतरवते. बाहेर पाऊस धो धो कोसळतोय, लाइट दोनदा जाऊन आलीय, आणि सकाळपासून तापाचे अकरा पेशंट बघून झालेत, म्हणजे विषय डोक्यात ताजा आहे.

तुझ्या प्रश्नाला एका ओळीचं उत्तर नाही. कधी गोळी त्याच क्षणी द्यावी लागते, कधी अजिबात द्यायची नसते, आणि दोन्ही पेशंट दारातून येताना सारखेच दिसतात. तीस वर्षांत मी स्वतःला एक सवय लावून घेतली आहे. पॅडवर पेन टेकवायच्या आधी मनात रोगाचं नाव घ्यायचं. "ताप" हे नाव होत नाही. लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस), मलेरिया, टायफॉइड, डेंग्यू, काहीतरी ठरवायचं. नाव चुकेल, उद्या बदलावं लागेल, चालेल. पण नाव न घेता लिहिलेलं अँटिबायोटिक म्हणजे अंधारात मारलेला दगड.

गेल्या दिवाळीनंतर एक म्हातारी आली होती, सत्तरीच्या पुढची. एका मोठ्या दवाखान्यात आठ दिवस सलाइन आणि सेफ्ट्रायॅक्सोन (सेफॅलोस्पोरिन गटातलं अँटिबायोटिक इंजेक्शन) घेऊन आलेली. ताप १०३ च्या खाली येत नव्हता. मलेरिया निगेटिव्ह, डेंग्यू निगेटिव्ह, प्लेटलेट्स थोड्या कमी, यकृताचे आकडे वाढलेले. फाइल ही जाडजूड. मी तिला आत नेलं, दार लावलं आणि लुगड्याची गाठ सैल करायला सांगितली. परकराची नाडी जिथे करकचून बसते, तिथे कमरेच्या मागच्या बाजूला एक काळी खपली होती. वाटाण्याएवढी, भोवती लाल कडा, बिडीचा चटका बसावा तशी. दुखत नव्हती, खाजत नव्हती, तिला ती आहे हेच ठाऊक नव्हतं. आठ दिवसांत कुणी तिथे पाहिलं नव्हतं. मी विचारलं तर म्हणाली, "पुरुष डाक्टरासमोर नाडी कशी सोडू गो बाये?"

स्क्रब टायफस. गवतातल्या बारीक किड्याची अळी चावते, तिथे ही खपली येते. याचा जंतू पेशींच्या आत राहतो, त्यामुळे पेनिसिलीन आणि सेफॅलोस्पोरिन गटातलं काहीही त्याच्यावर चालत नाही, कितीही महागाचं असो. डॉक्सीसायक्लीन १०० मिलिग्रॅम, सकाळ-संध्याकाळ. दुसऱ्या दिवशी रात्री ताप उतरला. तिसऱ्या दिवशी तिने पेज मागितली. तुझ्या आरोग्य केंद्राच्या कपाटात ती गोळी आहे, तूच यादी वाचून दाखवलीस. तेव्हा ताप चार-पाच दिवसांचा झाला असेल तर काखा, जांघा, स्तनांखाली, कमरेला, गुडघ्यामागे बघितल्याशिवाय पेशंटला सोडू नकोस. तू बाई आहेस, बायका तुझ्यासमोर नाडी सोडतील. ही तुझ्या हातातली मोठी गोष्ट आहे. गरोदर बाई असेल तर मात्र डॉक्सी नको, अझिथ्रोमायसीन दे.

आता याच्या उलट बाजू. आमच्याकडे भाताची लावणी सुरू झाली की लेप्टोची वाट बघावी लागत नाही, तो येतोच. शेतातल्या पाण्यात उंदराचं मूत, पायाला चिरा पडलेल्या, आणि माणूस दिवसभर चिखलात उभा. त्याच्या रक्तातली आयजीएम चाचणी (जंतूविरुद्ध शरीराने बनवलेली प्रतिद्रव्यं शोधणारी) पहिल्या चार-पाच दिवसांत बहुतेकदा निगेटिव्ह येते. म्हणजे रिपोर्टची वाट बघशील तर उपचाराचे सगळ्यात उपयोगाचे दिवस हातचे जातील. इथे वाट बघायची नाही. पोटऱ्या दाबून बघ, कण्हतो का. डोळे लालभडक, पण चिपडं नाहीत, हे बघ. लघवी किती झाली ते विचार, आणि "होतेय की" या उत्तरावर समाधान मानू नकोस, काल किती वेळा, आज किती वेळा, असं विचार. शंका पक्की झाली की रक्त काढून ठेव आणि डॉक्सी तिथल्या तिथे, तुझ्यासमोर गिळायला लाव. पिवळा पडला असेल, धाप लागत असेल, लघवी आटली असेल, तर शिरेतून पेनिसिलीन किंवा सेफ्ट्रायॅक्सोनचा पहिला डोस देऊनच अँब्युलन्समध्ये बसव. तो डोस कुठे पोहोचेपर्यंत राखून ठेवायचा नसतो.

आणि पावसाळा सरून जंगलं सुकली की दोडामार्ग-बांद्याकडे माकडताप. २०१६ पासून आम्ही तो बघतोय. गोचिडीतून येणारा विषाणू, त्याला कुठलंही अँटिबायोटिक लागू नाही. बेशुद्धी, रक्तस्राव याकडे डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायचं, पाणी-मीठ सांभाळायचं, एवढंच आपल्या हातात. एकाच तालुक्यात, एकाच वर्षात, एका तापाला गोळी लगेच आणि दुसऱ्याला गोळीच नाही. म्हणून हंगाम विचार, धंदा विचार, गावात माकडं मेली का ते विचार. काजूच्या बागेत गेला होतास का, हा प्रश्न माझ्यासाठी रक्ताच्या सीबीसी तपासणीइतकाच मोलाचा आहे.

माझी एक चूक तुला कधी सांगितली नव्हती. २००३ सालची. एक रिक्षावाला खोकला घेऊन आला, तीन आठवड्यांचा. घाईत होतो, तोही आणि मीही. मी लेव्होफ्लॉक्सासिन लिहून दिलं, दहा दिवस. खोकला कमी झाला, तो खूश, मीही खूश. महिन्याने परत आला, परत तेच दिलं, परत बरं वाटलं. तिसऱ्यांदा आला तेव्हा गळ्याची हाडं दिसत होती. तेव्हा कुठे मी बेडका तपासायला पाठवला. टीबी, थ्री प्लस, म्हणजे बेडक्यात जंतूच जंतू. त्या गोळीने टीबीचे जंतू थोडे दबतात, मरत नाहीत, आणि रोग झाकला जातो. त्या अडीच महिन्यांत त्याच्या सहा वर्षांच्या मुलीच्या मानेत गाठी आल्या होत्या. दोघंही सहा-सहा महिने औषध घेऊन बरे झाले. पण त्या पोरीच्या मानेवर हात ठेवला तेव्हा मला काय वाटलं ते मी आजही विसरलेले नाही. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला म्हणजे आधी बेडका, मग बाकी सगळं. तुझ्याकडे आता सीबीनॅट (बेडक्यातले टीबीचे जंतू शोधणारं यंत्र) आहे, दोन तासांत निदान होतं आणि रिफाम्पिसिनला, म्हणजे टीबीच्या मुख्य औषधाला, जंतू दाद देतो की नाही तेही कळतं. आमच्या वेळी हे असतं तरी मी चुकलेच असते, कारण मी नमुना पाठवलाच नव्हता.

तू आहेस तिथला मुख्य रोग मलेरिया. राज्यातल्या मलेरियाचा मोठा वाटा गडचिरोलीचाच, आणि त्यात फॅल्सिपॅरम, म्हणजे जिवावर बेतणारा प्रकार, भरपूर. इथे रिपोर्टसाठी चार दिवस थांबायची गरजच नाही, रक्ताच्या थेंबावरचं तपासणी किट पंधरा-वीस मिनिटांत सांगतं. तेव्हा किट केल्याशिवाय क्लोरोक्विन देऊ नकोस. व्हायवॅक्स हा मलेरियाचा दुसरा प्रकार असेल तर तीन दिवस क्लोरोक्विन आणि चौदा दिवस प्रायमाक्विन, नाहीतर यकृतात दडलेला जंतू काही महिन्यांनी पुन्हा डोकं वर काढतो. चौदा दिवस कुणी गोळी घेत नाही, ताप तर तिसऱ्याच दिवशी गेलेला असतो. आशाताईला यासाठी हाताशी धर. गरोदर बाईला आणि तान्ह्याला प्रायमाक्विन नाही. आणि प्रत्येकाला सांग, लघवी काळपट झाली तर गोळी बंद करून तडक ये. फॅल्सिपॅरमला एसीटी (आर्टेमिसिनीन गटाचं मिश्र औषध), तीन दिवस, आणि दुसऱ्या दिवशी प्रायमाक्विनचा एकच डोस. गुंगी, झटके, पिवळेपणा दिसला तर आर्टेसुनेटचं इंजेक्शन देऊनच पुढे पाठव. आणखी एक, उपचारानंतरही फॅल्सिपॅरमचं किट काही आठवडे पॉझिटिव्ह येत राहू शकतं. पंधरा दिवसांनी परत आलेल्याच्या रक्ताची स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली बघ, किटवर विसंबू नकोस.

लहान मुलांच्या बाबतीत तुझा जिल्हा साऱ्या देशाला शिकवून गेलाय. अभय आणि राणी बंग या डॉक्टर दांपत्याच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच माणसांना श्वास मोजून न्यूमोनिया ओळखायला आणि को-ट्रायमोक्साझोल द्यायला शिकवलं. १९९० साली ते 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. उपचार मिळालेल्या मुलांत मृत्यू ०.८ टक्के, आणि जिथे हे काम नव्हतं तिथे १३.५ टक्के. ना एक्स-रे, ना लॅब. आता आपण अमॉक्सिसिलीन देतो, पण मोजणं तेच. दोन महिन्यांखाली मिनिटाला ६०, वर्षाच्या आत ५०, पाच वर्षांपर्यंत ४०. तेवढे किंवा त्याहून जास्त श्वास असतील तर औषध, त्यातही बाळ दोन महिन्यांखालचं असेल किंवा बरगड्या आत जात असतील तर रेफर. नाक वाहतंय, खोकतंय, पण श्वास संथ आणि पोर खेळतंय, तर काही नको. अख्खं मिनिट मोज. अर्धं मिनिट मोजून दुप्पट करू नकोस, बाळांचा श्वास एकसारखा चालत नाही. आणि साध्या जुलाबाला ओआरएस आणि चौदा दिवस झिंक. शौचात रक्त असेल तर अँटिबायोटिक, कॉलऱ्याचा संशय असेल तर अँटिबायोटिक, बाकीच्यांना नाही.

टायफॉइडबद्दल थोडक्यात. एकाच विडालवर (टायफॉइडच्या जुन्या रक्ततपासणीवर) टायफॉइड ठरवू नकोस. आपल्या भागात धडधाकट माणसाची विडालही पॉझिटिव्ह येते. जमेल तेव्हा पहिल्या गोळीच्या आधी ब्लड कल्चर (रक्तातला जंतू वाढवून बघायची तपासणी) काढ. आणि अझिथ्रो किंवा सेफिक्झिम सुरू केल्यावर ताप तिसऱ्या दिवशी उतरला नाही म्हणून औषध बदलू नकोस. बरोबर औषधानेही पाच ते सात दिवस लागतात. नातेवाईक दबाव आणतील. बस त्यांच्याजवळ, तक्ता दाखव, ताप चढतोय कमी-कमी हे दाखव.

माझ्याकडे लघवीच्या कल्चरची एक फाइल आहे, वीस वर्षांची. परवा उघडून बसले होते. सुरुवातीच्या कागदांवर नॉरफ्लॉक्सासिन, सिप्रोफ्लॉक्सासिन यांच्यापुढे 'एस', 'एस', 'एस', म्हणजे जंतू औषधाला दाद देतो. पुढे पुढे त्याच जागी 'आर', म्हणजे दाद देत नाही, असं दिसू लागतं, मग सेफिक्झिमपुढे 'आर'. शेवटी एका मधुमेही गृहस्थांचा कागद आहे, त्यात मेरोपेनेमसारख्या राखीव औषधापुढेही 'आर', खाली फक्त कोलिस्टिन हे शेवटचं औषध उरलेलं. तालुक्याच्या गावातला साधा पेशंट, सई. ते 'आर' कुठून आकाशातून पडले नाहीत. ते आम्ही डॉक्टरांनी लिहिले, मेडिकलवाल्यांनी चिठ्ठीशिवाय दिले, लोकांनी दोन गोळ्या खाऊन उरलेल्या डब्यात ठेवल्या. नायट्रोफ्युरंटॉइनपुढे मात्र अजून बहुतेक ठिकाणी 'एस' आहे. बायकांच्या साध्या लघवीच्या जळजळीला पाच दिवस तीच दे, ताप किंवा कुशीत दुखत नसेल तर.

"सुई मारा" म्हणणाऱ्यांचं काय करायचं, हा तुझा दुसरा प्रश्न होता. त्यांना रागावू नकोस. वीस किलोमीटर चालत आलेल्या माणसाला काहीतरी हातात घेऊन जायचं असतं. मी त्यांच्या छातीला स्टेथो जरा जास्त वेळ लावते, पोट दाबते, जीभ बघते, आणि मोठ्याने सांगते काय सापडलं, काय नाही सापडलं. मग म्हणते, याला सुई लागत नाही, पण परवा ताप असला तर न चुकता ये, मी इथेच आहे. "मी इथेच आहे" हे खरं असायला हवं मात्र. दोनदा ये म्हटलं आणि दोनदा डॉक्टर भेटले नाहीत, तर तिसऱ्यांदा तो बाहेर जाऊन सुई घेईलच.

उद्या पार्सल टाकतेय. आमसुलं, कुळथाचं पीठ, आणि माझं जुनं सेकंदकाट्याचं घड्याळ. ते बाळाच्या पोटाजवळ धरलं की काटा आणि श्वास एकाच नजरेत दिसतात, मोबाइलवर तसं होत नाही. त्या फॅल्सिपॅरमवाल्या मुलीचा तिसरा डोस तुझ्यासमोरच झाला ना? स्लाइड काय आली ते रेंजमध्ये आलीस की लगेच कळव.

तुझी,
आई